दोनदा मोजलेली माणसे

गणिताच्या पुस्तकातील माणसे मोठी शिस्तीची असतात. एका वर्गात पन्नास मुले असतात; त्यांपैकी तीस चहा पितात, पंचवीस कॉफी पितात आणि दहा जण दोन्ही पितात. ही चौकशी कोणी केली, कशासाठी केली, हे कोणी विचारीत नाही. काहीच न पिणारे किती, एवढेच आपल्याला विचारतात. आपण सूत्र आठवतो, आकडे भरतो, 'पाच' असे उत्तर लिहून खाली दुहेरी रेघ ओढतो आणि पान उलटतो. ते चहाही पिणारे आणि कॉफीही पिणारे दहा जण मात्र मागच्या पानावरच राहतात. प्रस्तुत लेख त्या दहा जणांविषयी आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात गणिताचा तास कशाला घ्यावा, असे काहींना वाटेल. म्हणून माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. संचांवरील शाब्दिक उदाहरणे आपली चुकतात ती बहुतेक वेळा गणित कच्चे असल्यामुळे नव्हे, तर वाचन कच्चे असल्यामुळे. दोन गटांच्या मधला, सामाईक भाग आपण नीट वाचत नाही. आणि ही सवय वहीपुरती राहत नाही. खरीखुरी माणसे मोजतानाही ती आपल्याबरोबर येते. बेळगावसारख्या गावात राहणाऱ्यांनी तरी याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षाची गोष्ट. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. कन्नड येत होते, पण ते बसमध्ये, भाजीबाजारात आणि शेजारच्या अक्कांशी बोलण्यापुरते. गणित एकदम इंग्रजीत आले. माझी एक मैत्रीण कन्नड माध्यमातली. इंग्रजीची भीती तिलाही होतीच. आम्ही दोघींनी तोड काढली. एकीने इंग्रजी प्रश्न वाचून आपल्या भाषेत सांगायचा आणि दुसरीने सोडवायचा. एके संध्याकाळी तिने मला एक उदाहरण सांगितले. वर्गात साठ विद्यार्थी. "इप्पत्तु जन मराठी मात्र, हदिनेळु जन कन्नड मात्र ओदुत्तारे." पाच जण दोन्हींपैकी काहीच वाचत नाहीत. तर दोन्ही वाचणारे किती?

आता आपल्या मराठी कानाला 'मराठी मात्र वाचतात' याचा अर्थ काय लागतो? बाकी काही वाचोत न वाचोत, मराठी तेवढी वाचतात. मी सरळ लिहिले : मराठी वाचणारे वीस, कन्नड वाचणारे सतरा. काहीच न वाचणारे पाच वजा जाता उरले पंचावन्न. वीस अधिक सतरा वजा पंचावन्न. उत्तर आले उणे अठरा.

उणे अठरा माणसे म्हणजे काय हे मला कळेना. चिन्हाची चूक झाली असेल असे समजून मी उण्याची रेघ खोडली आणि पुस्तकाच्या मागचे उत्तर पाहिले. अठरा! मला कोण आनंद झाला. मैत्रिणीने माझी वही ओढून घेतली, दोन मिनिटे पाहिली आणि हसू लागली. कन्नडमध्ये 'मात्र' म्हणजे 'फक्त'. वीस जण फक्त मराठी वाचत होते आणि सतरा जण फक्त कन्नड. साठातून वीस, सतरा आणि पाच काढले की अठरा उरतात. सूत्राची गरजच नव्हती. मी प्रश्न चुकीचा वाचला, मांडणी चुकीची केली, चिन्ह लबाडीने खोडले आणि तरीही उत्तर बरोबर आले. परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्न असता तर पूर्ण गुण मिळाले असते.

पुढे कित्येक दिवस मी त्या उणे अठराचा विचार करीत होते. ते काही योगायोगाने आलेले नव्हते. मी 'मराठी वाचणारे' म्हणून जो आकडा धरला त्यात ते अठरा जण नव्हते. 'कन्नड वाचणारे' म्हणून धरला त्यातही नव्हते. दोन्ही याद्यांतून त्यांना वगळून मी पुन्हा त्यांचाच शोध घेत होते. अशी चूक केली की दर वेळी खऱ्या उत्तराच्या उलट चिन्हाचाच आकडा येतो. हवे तर कोणतेही आकडे घेऊन करून पाहा. खरे उदाहरण असे मांडायला हवे : मराठी वाचणारे एकूण अडतीस, त्यांत फक्त मराठीवाले वीस आणि दोन्हीवाले अठरा. कन्नड वाचणारे एकूण पस्तीस, त्यांत फक्त कन्नडवाले सतरा आणि दोन्हीवाले तेच अठरा. अडतीस आणि पस्तीस मिळून त्र्याहत्तर होतात. वर्गात विद्यार्थी तर साठच. हे तेरा जण जास्तीचे आले कोठून? तेरा कसले, पाच जण काहीच वाचत नाहीत तेव्हा खरे जास्तीचे अठरा. त्यांना आपण दोनदा मोजले म्हणून ते एकदा वजा करायचे. सूत्र एवढेच आहे.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधते, कारण सगळी गडबड त्याचीच आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'फक्त' या शब्दाची किंमत सांगायला नको. धनादेशावर अक्षरी रक्कम लिहून पुढे आपण 'फक्त' लिहितो. का? पुढे कोणी काही जोडू नये म्हणून. संचांच्या उदाहरणातला 'फक्त' हेच काम करतो. 'अडतीस जण मराठी वाचतात' या वाक्याचे दार उघडे आहे. त्यांतल्या कोणालाही कन्नड येत असेल, येत नसेल. 'वीस जण फक्त मराठी वाचतात' या वाक्याचे दार बंद आहे. दोन वाक्यांत फरक एका शब्दाचा, पण त्या एका शब्दात अठरा माणसे आहेत.

'फक्त' एकटाच नाही. 'किंवा' घ्या. घरी पाहुण्याला आपण विचारतो, चहा घेणार किंवा कॉफी? पाहुणा 'दोन्ही आणा' म्हणाला तर घरात हसू होईल. व्यवहारातील 'किंवा' दोहोंपैकी एकच मागतो. गणितातील 'किंवा' मोठ्या मनाचा आहे. त्यात हे चालते, ते चालते आणि दोन्हीही चालतात. 'मराठी किंवा कन्नड वाचणारे' म्हटले की आपल्या वर्गातील पंचावन्नही जण त्यात येतात, मधल्या अठरांसकट. पाहुण्याला विचारण्याचा 'किंवा' येथे लावला तर सदतीसच उरतात आणि मधले पुन्हा बाहेर.

सर्वांत फसवा प्रयोग 'दोन्ही नाही' हा आहे. 'इतक्या जणांना दोन्ही भाषा येत नाहीत' असे आपण सहज बोलतो. याचा अर्थ काय? एकही येत नाही, की दोन्ही मिळून येत नाहीत, म्हणजे एखादी येतही असेल? आपल्या वर्गात एकही न येणारे पाच आहेत. दोन्ही मिळून न येणारे बेचाळीस आहेत. एकाच वाक्यातून पाचही निघतात आणि बेचाळीसही. या दोहोंतील फरक नियमात बांधणारे गणिती म्हणजे ऑगस्टस डी मॉर्गन. त्यांचा जन्म १८०६ साली आपल्याकडे मदुराईत झाला होता. पूरक संचांचे त्यांच्या नावाचे दोन नियम आपण घोकतो. पण ते नियम म्हणजे 'हेही नाही आणि तेही नाही' आणि 'दोन्ही एकदम नाहीत' ही वाक्ये वेगळी आहेत एवढीच समज आहे, हे मला तरी कोणी सांगितले नव्हते. म्हणून प्रश्न काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की 'दोन्ही येत नाहीत' असे न लिहिता 'दोन्हींपैकी एकही येत नाही' असे लिहावे. शाईचा खर्च थोडा वाढेल, विद्यार्थ्यांचे गुण वाचतील.

गंमत अशी की भाषांतील काही शब्द आपल्याला फसवतात, तर काही आपल्याला हात देतात. आपण ज्याला 'संच' म्हणतो त्याला कन्नडमध्ये 'गण' म्हणतात. पण 'संयोग' दोन्हीकडे संयोगच आहे, आपला 'छेद' तिकडे 'छेदन' आहे आणि 'अथवा' तर जसाच्या तसा. उलट आपला 'कनिष्ठ' म्हणजे खालच्या पायरीवरचा. कन्नड प्रश्नात 'कनिष्ठ ओंदु' म्हणजे किमान एक. अशा शब्दांची एक लहानशी यादी वर्गात फळ्यावर लिहिली तर दोन्ही माध्यमांतून आलेल्या मुलांचे किती काम हलके होईल!

आता रीतीविषयी थोडेसे. जॉन वेन यांनी १८८० साली जी आकृत्यांची पद्धत मांडली ती आपण सर्वांनी काढलेली आहे. वर्तुळे त्यांच्याही आधी ऑयलरने वापरली होती, पण आज नाव चालते ते वेन यांचे. पुष्कळ विद्यार्थी दोन वर्तुळे काढतात आणि दिलेले आकडे जसे येतील तसे बाहेरून भरू लागतात. अडतीस एका वर्तुळात, पस्तीस दुसऱ्यात, आणि मग मधल्या भागात काय लिहावे हे सुचत नाही. रीत उलटी हवी. आधी मधला भाग भरावा, मग त्याला लागून असलेले आणि शेवटी बाहेरचे. मधला आकडा दिलेला नसेल तर तेथे एक अक्षर मांडावे, पण सुरुवात तेथूनच करावी. प्रत्येक भागात एकदाच आकडा लिहावा आणि शेवटी सगळ्या भागांची बेरीज विश्वसंचाशी जुळते का ते पाहावे. वीस, अठरा, सतरा, पाच : साठ. जमाखर्चाचा ताळा जुळल्यावर जे समाधान मिळते तेच येथेही मिळते.

तीन गट आले की मधल्या भागाचे महत्त्व आणखी कळते. समजा, एका वाचनालयाचे शंभर वाचक आहेत. मराठी वाचणारे ६०, कन्नड ५०, इंग्रजी ४०. मराठी व कन्नड दोन्ही वाचणारे २५, कन्नड व इंग्रजी २०, मराठी व इंग्रजी २२. तिन्ही वाचणारे १२. तिन्ही वर्तुळांची बेरीज १५० होते. दोन-दोन भाषावाल्यांचे ६७ वजा केले की ८३ उरतात. पुष्कळ जण येथेच थांबतात. पण तिन्ही भाषा येणाऱ्या एका वाचकाचे या हिशेबात काय झाले ते पाहा. बेरजेत तो तीनदा आला. वजाबाकीत तीनही जोड्यांत तो होता, म्हणून तीनदा गेला. तीनातून तीन गेले, शून्य. ज्याला सर्वांत जास्त भाषा येतात तोच हिशेबातून पुसला गेला. म्हणून ते १२ पुन्हा मिळवावे लागतात आणि खरे उत्तर ९५ येते. सूत्राच्या शेवटी असलेले ते अधिक चिन्ह पाठ करायचे नसते, त्यामागचा माणूस आठवायचा असतो.

हे केवळ पुस्तकी नाही. आमच्या काकांचे लहानसे दुकान आहे. दिवाळीला ज्यांच्याशी देवघेव असते त्या सर्वांना मिठाईचा एकेक डबा द्यायची त्यांची पद्धत. एके वर्षी ते काम मजकडे आले. मी खतावणी उघडली. ऋणको सत्तर, धनको पंचेचाळीस. एकशे पंधरा डबे आणवले. वाटून झाल्यावर नऊ डबे उरले. कोणाला तरी द्यायचे राहिले म्हणून मी घाबरले. काका म्हणाले, "अगं, ज्यांच्याकडून आपले येणे आहे त्यांतल्या काहींचे आपण देणेही लागतो. माणूस एकच, खाती दोन." नऊ डबे घरात आले, ती दिवाळी चांगली गेली, पण अकाउंटन्सीच्या विद्यार्थिनीला खाते आणि माणूस यांतला फरक मिठाईच्या डब्यांनी शिकवावा, याची लाज वाटली. अर्थशास्त्राच्या तासाला राष्ट्रीय उत्पन्न मोजताना दुहेरी गणना टाळा, पिठाची किंमत धरून पुन्हा पावाची पूर्ण किंमत धरू नका, असे सांगतात तेही याच जातीचे आहे.

आता माणसे मोजण्याकडे वळते. आपल्या देशाच्या जनगणनेत प्रत्येकाची मातृभाषा एकच लिहिली जाते. त्यामुळे मातृभाषांचे गट एकमेकांपासून वेगळे राहतात आणि त्यांची बेरीज बरोबर लोकसंख्येइतकी होते. यात चूक काही नाही. पण त्याच तक्त्यात मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषाही विचारलेल्या असतात. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे २६ टक्के लोकांनी दुसरी भाषा येत असल्याचे सांगितले आणि सुमारे ७ टक्के लोकांनी तिसरीही. येथेही आपली परीक्षाच आहे. सव्वीस आणि सात मिळून तेहतीस टक्के लोकांना जास्तीच्या भाषा येतात असे कोणी म्हणाले तर ते चूक. तिसरी भाषा सांगणाऱ्याने दुसरी आधी सांगितलेलीच असते. ते सात टक्के या सव्वीस टक्क्यांच्या पोटातच आहेत. म्हणजे उपसंच.

मुद्दा असा की मातृभाषेच्या तक्त्यावरून 'इतक्यांची मातृभाषा मराठी' हे कळते. 'इतक्यांना कन्नड येत नाही' हे कळत नाही. पहिला आकडा उघड्या दाराचा आहे आणि आपण तो 'फक्त' लावून वाचतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली; १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १९६७ साली आला; २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या साऱ्या काळात आपल्या भागाविषयी बोलताना टक्केवारीचे आकडे फेकण्यात दोन्ही बाजू कमी पडलेल्या नाहीत. त्या वादात न्याय देण्याची माझी पात्रता नाही आणि हा लेख त्यासाठी नाही. कोणाची मातृभाषा कोणती आणि तिला शाळेत, कचेरीत काय स्थान हवे, हा खरा प्रश्न आहे आणि तो मोठा आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की दोन्हीकडून आकडे मांडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोन अलग वर्तुळे असतात. मधोमध एकमेकांवर आलेली वर्तुळे मी कोणाच्या भाषणात ऐकलेली नाहीत.

याचा अनुभव लहान प्रमाणावर आपल्या सर्वांना येतो. मागे एका ठिकाणी आम्ही दोघी मैत्रिणी अर्ज भरायला गेलो होतो. 'भाषा' या शब्दापुढे दोन चौकोन होते, मराठी आणि कन्नड. मैत्रिणीच्या घरी वडिलांशी कन्नड आणि आईशी मराठी. तिने दोन्ही चौकोनांत खूण केली. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज परत दिला. "एकच हवी. दोन केल्या तर बेरीज चुकते." तिने थोडा विचार केला आणि कन्नडची खूण ठेवून मराठीची खोडली. मी मराठीवर खूण केली. माझे कन्नड कोठेच लिहिले गेले नाही. पुढे यादी लागली तेव्हा मराठी इतके, कन्नड इतके, एकूण इतके असा चोख हिशेब होता. मधल्या भागात एकही माणूस नव्हता.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. काही ठिकाणी एकच खूण लागते हे मला मान्य आहे. वर्गाच्या तुकड्या पाडायच्या असतील, उत्तरपत्रिका वाटायच्या असतील, या अंकाची पाने विभागायची असतील, तर प्रत्येकाला एकाच जागी बसवावे लागेल. वाटणी करायची तर गट वेगळेच हवेत. पण वाटणी करणे वेगळे आणि माणसांची माहिती करून घेणे वेगळे. वाटणीसाठी केलेली यादी पुढे माहिती म्हणून वापरली की चूक होते. शिवाय 'दोन खुणा केल्या तर बेरीज चुकते' हे खरे नाही. बेरीज चुकत नाही, एक वजाबाकी करावी लागते. तेवढे कष्ट वाचवण्यासाठी आपण माणसाला अर्धा करून घेतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला प्राध्यापकांचा : परीक्षेत एका गणिताला एक-दीड मिनिट मिळते, बँकेच्या परीक्षेत तर त्याहूनही कमी, तेथे शब्दांचा काथ्याकूट करीत बसायचे का? माझे उत्तर असे की सूत्र पाठ असणाऱ्याला आकडे भरायला अर्धे मिनिटही लागत नाही; कोणता आकडा कोठे भरायचा हेच अडते. सी. ए. फाउंडेशनच्या अभ्यासक्रमातही संच आहेत, आणि त्या प्रश्नांतही 'फक्त', 'किमान', 'एकही नाही' हेच शब्द असतात. शब्दांखाली रेघ मारायला पाच सेकंद पुरतात. दुसरा आक्षेप असा की उदाहरणे चहा-कॉफीची, क्रिकेट-फुटबॉलचीच बरी. भाषांची घेतली तर वर्गात उगाच वाद होतील. मला उलट वाटते. चहा-कॉफीच्या उदाहरणात मधली माणसे कोणाची कोणी लागत नाहीत, म्हणून ती विसरली तरी चालते. भाषेच्या उदाहरणात त्या मधल्या भागात आपण स्वतः असतो, शेजारच्या बाकावरची मैत्रीण असते. मग तो भाग कोणी रिकामा ठेवू शकत नाही. वाद होण्यापेक्षा हसूच जास्त होईल, असा माझा अनुभव आहे. उणे अठराची गोष्ट आठवा.

म्हणून सुचवावेसे वाटते : हा विषय शिकवताना पहिला तास सूत्राचा नसावा, वाक्यांचा असावा. एकच प्रश्न मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत शेजारी शेजारी लिहावा आणि 'फक्त' कोठे आहे, 'किंवा' कोणता आहे, 'नाही' कशाला लागला आहे, हे विद्यार्थ्यांनीच एकमेकांना सांगावे. ज्यांना दोन भाषा येतात त्यांचा वर्गाला उपयोग होईल आणि आपले दोन भाषा येणे ही काही लपवण्याची किंवा खोडण्याची गोष्ट नाही, हे त्यांनाही कळेल. सामाईक भागातला घटक दोन्ही संचांत पूर्ण असतो, अर्धा येथे आणि अर्धा तेथे नसतो. आपण जेव्हा वजाबाकी करतो तेव्हा तो माणूस वजा होत नाही; त्याची दुसरी मोजणी तेवढी वजा होते.

जाता जाता एक उदाहरण देते. आमच्या वाड्यात चोवीस माणसे राहतात. त्यांतली एकोणीस मराठी बोलतात आणि सोळा कन्नड बोलतात. दोन्हींपैकी एकही न बोलणारे एकच माणूस आहे. ते आठ महिन्यांचे आहे आणि सध्या रांगते. तर दोन्ही बोलणारी किती? एकोणीस आणि सोळा पस्तीस, त्यांतून तेवीस गेले, उरले बारा. म्हणजे बरोबर अर्धा वाडा. मूल पुढच्या वर्षी बोलू लागेल. ते कोणत्या वर्तुळात जाईल हे गणित सांगू शकत नाही. पण दिवसभर ते ज्यांच्या कडेवर असते त्या आज्जी आणि अक्का यांच्याकडे पाहिले, तर माझा अंदाज मधल्या भागाचा आहे.